रेझर फुकट, ब्लेड विकत? किंग जिलेटच्या धंद्याचा उलटतपास

दाढीच्या ब्लेडचं एक पाकीट फोडून आतलं पातं हातात घ्या. लांबी ४३ मिलिमीटर, रुंदी २२, जाडी जेमतेम ०.१, वजन ग्रॅमच्याही आत. मधोमध एक लांब खाच आहे, पण ती सरळ नाही. मध्ये आणि दोन्ही टोकांना फुगलेली आहे. चारही कोपरे कातरलेले आहेत. लहानपणी पेन्सिलीला टोक करताना हे पातं आपण हजारदा धरलेलं असतं, पण त्या खाचेकडे निरखून पाहायचं कुणाला सुचत नाही. ती खाच आणि ते कातरलेले कोपरे १९३० च्या सुमारास झालेल्या एका पेटंटच्या भांडणातून आले. त्या भांडणात जिला नमतं घ्यावं लागलं, ती कंपनी म्हणजे खुद्द जिलेट.

व्यवस्थापनाच्या वर्गात जिलेटचं नाव निघतं ते वेगळ्याच कारणासाठी. रेझर जवळजवळ फुकट द्यायचा, गिऱ्हाईक एकदा अडकलं की ब्लेडवर जन्मभर कमवायचं. प्रिंटर आणि त्याची शाई हे याच सूत्राचं पुढचं पाऊल, असं शिकवतात. शिकागो विद्यापीठातले कायद्याचे प्राध्यापक रँडल पिकर यांनी २०१० मध्ये जुन्या किमती आणि पेटंटच्या तारखा शेजारी शेजारी मांडल्या, तेव्हा वेगळंच चित्र समोर आलं. पेटंट हातात होतं त्या १७ वर्षांत जिलेटने यातलं काहीच केलं नव्हतं. आकडे पाहिले की हे पटतं. त्यासाठी आधी त्या पात्याच्या पोलादापासून सुरुवात करावी लागेल.

फिरता विक्रेता

किंग कॅम्प जिलेट. ‘किंग’ ही पदवी नव्हे, नावच. जन्म ५ जानेवारी १८५५ चा, विस्कॉन्सिन राज्यातल्या फॉन्ड डू लॅक गावचा. घरचे लोक शिकागोला गेले आणि १८७१ च्या तिथल्या मोठ्या आगीत बापाचा हार्डवेअरचा धंदा बसला. पोरगा फिरता विक्रेता झाला. पुढची तीसेक वर्षं त्याने बॅगा उचलून गावोगाव माल विकण्यात काढली. मधूनमधून किरकोळ पेटंटं घेतली, पण त्यातून काही हाती लागलं नाही.

१८९१ च्या सुमारास तो बाल्टिमोरच्या विल्यम पेंटर यांच्या कंपनीत लागला. सोड्याच्या बाटलीचं दातेरी पत्र्याचं बूच हा पेंटर यांचा शोध. बूच एकदा उघडलं की फेकायचं, आणि बाटली भरायला घेतली की कारखानदाराला नवं घ्यायचं. पेंटर यांनी जिलेटला सल्ला दिला: असं काहीतरी शोध, जे लोक वापरून टाकून देतील आणि पुन्हा विकत घ्यायला येतील. सल्ला डोक्यात इतका बसला की जिलेट बाराखडीतल्या एकेका अक्षराने सुरू होणाऱ्या वस्तूंच्या याद्या तपासत बसायचा.

याच माणसाने १८९४ मध्ये एक पुस्तक लिहून स्पर्धा म्हणजे निव्वळ नासाडी असं ठरवलं होतं. सगळे उद्योग जनतेच्या मालकीच्या एकाच कंपनीत विलीन करावेत, आणि नायगाऱ्याच्या धबधब्याच्या विजेवर चालणाऱ्या एकाच महानगरात ६ कोटी अमेरिकनांना वसवावं, असा त्याचा आराखडा होता. पुढच्याच वर्षी त्याला मक्तेदारी मिळवून देणाऱ्या रेझरची कल्पना सुचली. या दोन गोष्टींत त्याला कधी विसंगती दिसली नाही. १९१० मध्ये त्याने अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना आपल्या नियोजित ‘वर्ल्ड कॉर्पोरेशन’च्या अध्यक्षपदासाठी १० लाख डॉलर देऊ केले होते. रूझवेल्ट यांनी नाही म्हटलं.

पाचर आणि पत्रा

१८९५ मध्ये बॉस्टनजवळच्या ब्रुकलाइनमध्ये एका सकाळी त्याचा वस्तरा इतका बोथट झाला होता की पट्ट्यावर घासूनही भागेना. धार लावणाऱ्याकडेच न्यावा लागणार होता.

वस्तऱ्याची रचना लक्षात घेतली तर त्याला काय सुचलं ते कळतं. वस्तऱ्याचं पातं म्हणजे पोलादाची पाचर. पाठीला जाड, धारेकडे निमुळती. दाढीचा ओला केस कापताना धार वाकू नये म्हणून मागे हे जाड पोलाद उभं असतं. ते घडवायचं, पाणी द्यायचं, घासायचं, म्हणून वस्तरा महाग. महाग म्हणून तो फेकायचा नाही, रोज पाजळायचा. न्यूयॉर्कच्या काम्फे बंधूंनी १८८० मध्ये ‘स्टार’ नावाचा सेफ्टी रेझर काढला होता. त्यात कातडीला जपणारी कड होती, पण पातं तीच आखूड पाचर. पाजळणं काही चुकलं नव्हतं.

जिलेटच्या ध्यानात आलं की कापायचं काम फक्त धार करते. बाकीचं पोलाद तिला आधार द्यायला आहे, आणि तो आधार पात्यातच असायला हवा असं थोडंच आहे? मग पातं पत्र्यासारखं पातळ घ्यावं आणि आधार पकडीने द्यावा. त्याने बॉस्टनच्या हार्डवेअरच्या दुकानातून पितळेचे तुकडे, घड्याळाच्या स्प्रिंगची पोलादी पट्टी, एक छोटा हँड व्हाइस आणि काही कानशी आणल्या, ओबडधोबड नमुना केला आणि माहेरी गेलेल्या बायकोला कळवलं की आपलं नशीब उघडलं.

पुढे पेटंटमध्ये दावा याच मुद्द्यावर मांडला गेला: इतकं पातळ आणि लवचीक सुटं पातं, की धारेला ताठपणा येण्यासाठी बाहेरचा आधार लागावा. पेटंटच्या इतिहासात उणेपणालाच शोध म्हणून मांडणारे असे दावे फार नसतील.

पोलादी पट्टी पौंडाला १६ सेंट, एका पौंडात ५०० पाती, असा हिशेब त्याने मांडला होता. पडताळून पाहा. सुरुवातीच्या पात्याची जाडी ०.००६ इंच, म्हणजे ०.१५ मिलिमीटर. ४३ गुणिले २२ च्या आकाराला वजन भरतं सुमारे १.१ ग्रॅम, भोकं वजा जाता ग्रॅमच्या आसपास. म्हणजे पौंडाला साडेचारशेच्या घरात. हिशेब थोडा सढळ होता, पण खोटा नव्हता. एका पात्यात पोलाद एका सेंटच्या पंचविसाव्या हिश्श्याहूनही कमी किमतीचं. सगळा खर्च त्यावरच्या कामाचा होता, आणि ते काम कुणालाच येत नव्हतं.

सहा वर्षं कुठे गेली

कार्बन पोलाद कठीण करायचं तर ते साधारण ८०० अंश सेल्सियसपर्यंत तापवून झटक्यात थंड करायचं, मग २०० अंशांच्या आसपास पुन्हा तापवून ठिसूळपणा उतरवायचा. वस्तऱ्याला, पटाशीला हे शतकानुशतकं चालत आलं होतं. ०.१५ मिलिमीटरच्या पट्टीला मात्र तीन ठिकाणी घोटाळा होतो.

पहिला, वाकणं. थंड होताना पोलादाची अंतर्गत रचना बदलते आणि ते किंचित फुगतं. एक बाजू क्षणभर आधी थंड झाली की ती आधी फुगते आणि दुसरीला ओढते. जाड पाचर हा ताण सोसते. पातळ पत्रा उन्हात ठेवलेल्या पापडासारखा वळतो. दुसरा, कातडी मरणं. तापवताना पृष्ठभागावरचा कार्बन हवेत जळून जातो आणि वरचा थर मऊ पडतो. वस्तऱ्याला धार लावताना हा थर घासून निघून जातो. पातळ पट्टीत मात्र तो थर म्हणजे तिच्या जाडीचा चांगलाच मोठा भाग. तिसरा, घासणं. धार काढताना चाकाच्या घर्षणाने निमुळती कड क्षणात तापते, निळसर पडते, आणि मेहनतीने आणलेला कठीणपणा तिथेच उतरतो, नेमका जिथे तो हवा तिथे.

जिलेटला धातुशास्त्र येत नव्हतं. पुढे त्याने स्वतःच कबूल केलं की ते शिकलेलं असतं तर तो या फंदात पडला नसता. पाती करणाऱ्या कारागिरांनी आणि एमआयटी या बॉस्टनच्या तंत्रज्ञान संस्थेतल्या जाणकारांनी त्याला नाद सोडायला सांगितलं. १८९५ ते १९०१ अशी सहा वर्षं यात गेली.

कोंडी फोडली विल्यम एमरी निकरसन यांनी. एमआयटीत शिकलेले, आधी लिफ्टच्या आणि विजेच्या बल्बच्या यंत्रांवर काम केलेले. या प्रकरणातला खरा यंत्रकार हा माणूस, आणि नाव मात्र रेझरवर नाही. कंपनीला त्यांचं नाव द्यायचं निघालं होतं म्हणतात; पण ‘निक’ म्हणजे इंग्रजीत कापल्याची बारीक जखम. दाढीच्या पात्यावर ते कोण छापणार?

निकरसन यांनी प्रश्नाचे दोन भाग केले. पातं सपाट राखून कठीण करण्याची प्रक्रिया, आणि हाताच्या कसबावर न विसंबता धार काढणारी यंत्रं. आजही या उद्योगात पट्टी थंड होताना दोन सपाट, गार ठोकळ्यांमध्ये दाबून धरतात. वाकायला जागाच ठेवायची नाही, हे त्यामागचं साधं तत्त्व. तिसरी गोष्ट त्यांनी रेझरमध्ये केली: दांडा चांगला वजनदार हवा असा आग्रह धरला. पातं टोपी आणि तळपट्टी यांच्यात दाबून कमानीसारखं वाकवलं की ताठ होतं. सरळ धरलेलं पोस्टकार्ड लुळं पडतं आणि जरा वळवलं की उभं राहतं, तसंच. दांडा पिळून ही कमान घट्ट करायची. थोडा सैल केला की धार जरा वर उठते आणि दाढी आक्रमक होते. हे इतकं बारीक जुळवायला दांड्यावर बोटांची पक्की पकड लागते. हलक्या, बारीक दांड्याने ते जमत नाही.

मासळीच्या दुकानावरची कंपनी

२८ सप्टेंबर १९०१ ला बॉस्टनमध्ये कंपनी स्थापन झाली. कागदावर भांडवल ५ लाख डॉलर, हातात आले ५,०००: पाचपाचशे शेअरचे २० गठ्ठे, प्रत्येकी २५० डॉलरला. पेटंटचा अर्ज ३ डिसेंबर १९०१ ला गेला. कारखाना बंदरावरच्या अटलांटिक अव्हेन्यूवर, एका मासळीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. वर्षभरात पैसे संपले आणि वर १२,५०० डॉलरचं कर्ज झालं.

तेव्हा जॉन जॉइस नावाचे दारूभट्टीवाले पुढे आले. त्यांच्या अटी पाहण्यासारख्या आहेत. १ लाख डॉलरचे रोखे, पण डॉलरला ६० सेंटच्या भावाने, म्हणजे प्रत्यक्ष रोख ६०,०००. शिवाय तेवढ्याच दर्शनी किमतीचे शेअर, आणि ३०,००० घातल्यावर पटलं नाही तर बाहेर पडायची मुभा. ज्याला दुसरा सावकार मिळत नाही, त्यालाच असल्या अटी मान्य कराव्या लागतात.

१९०३ मध्ये माल बाजारात आला. विक्री झाली ५१ रेझर आणि १६८ पाती. १९०४ मध्ये रेझरचाच आकडा ९० हजारांच्या वर गेला. १५ नोव्हेंबर १९०४ ला पेटंट क्रमांक ७७५१३४ मंजूर झालं. म्हणजे मुदत १९२१ च्या १५ नोव्हेंबरपर्यंत.

किमतीचा हिशेब

रेझरची किंमत ५ डॉलर. चांदीचा मुलामा, कातडी डबी, सोबत २० पाती. पाती वेगळी घेतली तर १ डॉलरला २०. त्या काळी अमेरिकन कामगाराची आठवड्याची कमाई १० ते १५ डॉलर. न्हाव्याकडे दाढी १० ते १५ सेंटला.

सोबतच्या २० पात्यांचा १ डॉलर वजा केला, तर नुसत्या रेझरचे ४ डॉलर उरतात. ५ सेंटच्या पात्याच्या हिशेबाने ८० पाती. आठवड्याला एक पातं धरलं तर दीड वर्षाचा साठा. म्हणजे गिऱ्हाइकाकडून दीड वर्षाच्या ब्लेडइतका पैसा कंपनी पहिल्याच दिवशी काढून घेत होती. याला फुकट वाटणं कसं म्हणायचं? पुढे तर तेवढ्याच ५ डॉलरमध्ये २० ऐवजी १२ पाती देऊ लागले आणि सुटी पातीही डॉलरला १२ झाली.

मौजेची गोष्ट अशी की फुकट वाटायचंच होतं तर याच काळात ते सर्वांत सुरक्षित होतं. पातंही पेटंटखाली होतं, दुसऱ्या कुणाला ते बनवताच येत नव्हतं. वाटलेल्या प्रत्येक रेझरमागे ब्लेडची गिऱ्हाइकी पक्की होती. तरीही त्यांनी केलं नाही, आणि मला तरी त्यात मूर्खपणा दिसत नाही. रोज नवा रेझर मागणारा बाजार होता, यंत्रं मर्यादित होती, आणि ५ डॉलरची वस्तू खिशात बाळगणं हेच विकलं जात होतं.

जिलेट स्वतः मात्र या कमाईपासून हळूहळू दूर सारला गेला. १९०४ मध्ये तो पोटासाठी अजून बुचांच्या कंपनीचं काम करायला लंडनला होता. परदेशातले हक्क विकून टाकायचा बेत संचालकांनी केल्याचं कळताच नोकरी सोडून परतला आणि तो बेत हाणून पाडला. कंपनीसाठी हा त्याचा बहुधा सर्वांत मोलाचा निर्णय. पण ताब्यावरून जॉइस यांच्याशी भांडण चालूच राहिलं, आणि १९१० मध्ये त्याने बहुतेक हिस्सा सुमारे ९ लाख डॉलरला त्यांनाच विकला. नावापुरता अध्यक्ष उरला. पाकिटावरचं मिशीवालं चित्र मात्र तसंच राहिलं. ते चित्र जगभर पोचलं, म्हणून प्रवासात लोक त्याला ओळखत.

सैन्य, मग मुदतीचा शेवट

१९१७–१८ मध्ये अमेरिकन सैन्याने ३५ लाख रेझर आणि ३ कोटींहून जास्त पाती घेतली. खंदकात वस्तरा पाजळायला सवड नव्हती आणि दाढीवर विषारी वायूचा मुखवटा नीट बसत नव्हता. लाखो जवान घरी परतले ते स्वतःची दाढी स्वतः करायची सवय आणि रेझर घेऊनच. म्हणजे फुकट वाटप झालं असेल तर ते हे, आणि त्याचं बिल सरकारने भरलं.

१९२१ मध्ये पेटंटची मुदत संपायच्या काही महिने आधी कंपनीने नवा, सुधारित रेझर ५ डॉलरला काढला आणि जुना नमुना १ डॉलरला विकायला लागली. उद्या जो नक्कल करणार होता, त्याच्या आधी आपणच स्वतःची स्वस्त नक्कल बाजारात आणली. चाल चोख होती. त्यानंतरच्या वर्षांत रेझर नव्या खात्यांबरोबर बँकांमार्फत आणि च्युइंगमबरोबर वाटले गेले. ‘रेझर फुकट’ ही कथा इथली आहे: मक्तेदारी संपल्यानंतरची, जेव्हा ब्लेड कुणालाही बनवता येत होतं. तरी ती चालली, कारण कागदावर पेटंट उघडं पडलं तरी निकरसन यांच्या यंत्रांसारखी धार काढणं सोपं नव्हतं.

खाच

रेझर बनवणाऱ्या ऑटोस्ट्रॉप या दुसऱ्या कंपनीचे हेन्री गेसमन यांनी मग नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं. जुन्या पात्याला तीन गोल भोकं असत: मधलं पेचाचं, दोन खुंट्यांची. त्या रेझरचा एक नेहमीचा दोष होता. न्हाणीघराच्या फरशीवर पडला की टोपीचा कोपरा वाकायचा, तो पात्याच्या कोपऱ्यावर असमान दाबायचा, आणि एका टोकाला धार जास्त बाहेर येऊन गाल कापायचा. गेसमन यांनी भोकांऐवजी खाचेचं पातं काढलं. नाव ‘प्रोबॅक’. खाच अशी कापली की ते जिलेटच्या खुंट्यांवरही बसायचं. पण जिलेटचं तीन भोकांचं पातं गेसमनच्या रेझरमध्ये बसत नसे. कुलूप एकाच बाजूने उघडायचं.

त्यांनी आधी हे जिलेट कंपनीला विकायला काढलं होतं, तिने नाकारलं. मग १९३० मध्ये जिलेटने खाचेचंच पातं आणि कातरलेल्या कोपऱ्यांची टोपी असलेला नवा रेझर आणला. गेसमन कोर्टात गेले. मिटवायचा मार्ग निघाला तो दोन्ही कंपन्यांच्या विलीनीकरणाचा. त्यासाठी हिशेब तपासले गेले, आणि त्यात कळलं की परदेशातल्या स्वतःच्याच उपकंपन्यांना पाठवलेला माल विक्री म्हणून दाखवला जात होता. पाच वर्षांत नफा सुमारे १ कोटी २० लाख डॉलरने फुगवलेला. गोदामात पडलेलं ब्लेड वहीत विकलं गेलं होतं. शेअर कोसळला, सूत्रं गेसमन यांच्याकडे गेली. शेअर बाजाराने आधीच घायाळ केलेला जिलेट १९३१ मध्ये अध्यक्षपदावरूनही गेला, आणि ९ जुलै १९३२ ला कॅलिफोर्नियात वारला. वॉलेस नेफ यांनी आखलेलं त्याचं कॅलाबासस इथलं प्रशस्त घर आणि आवार आता सार्वजनिक उद्यान आहे.

आपल्याकडे जिलेटने २०१० मध्ये ‘गार्ड’ आणला तेव्हा रेझर १५ रुपयांना आणि कार्ट्रिज ५ रुपयांना होतं. १९०४ मध्ये ८० पात्यांचा रेझर, १०६ वर्षांनी तीन कार्ट्रिजचा.

साधं दुधारी पातंही अजून विकलं जातंच. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधून वर्षानुवर्षं निघालेली सुपरमॅक्सची पाती असोत की आणखी कुठली, खाच तीच फुगीर. जुन्या बाजारात एखादा पेच आणि दोन खुंट्यांचा जिलेट सापडला तर आजचं पातं त्यात नीट बसतं. त्या रेझरसोबत आलेलं तीन भोकांचं गंजकं पातं मात्र मधोमध पट्टी असलेल्या १९३० नंतरच्या रेझरवर कितीही दाबलं तरी बसत नाही.